स्वस्त नळाचे महाग पाणी

जालन्यातील कोणत्याही पांढरपेशा घरात दोन पंचांगे असतात. एक भिंतीवर टांगलेले. त्यात एकादश्या, संकष्ट्या आणि बँकेच्या सुट्ट्या असतात. दुसरे गृहिणीच्या डोक्यात असते आणि त्यात एकच पर्व नोंदलेले असते, ते म्हणजे नळ येण्याचा दिवस. भिंतीवरच्या पंचांगातील सण आपापल्या तिथीला येतात. डोक्यातील पंचांगाचा हा सण मात्र कधी आठ दिवसांनी येतो, कधी दहा दिवसांनी, आणि वाटेत कोठे जलवाहिनी फुटली किंवा उपसा करणाऱ्या पंपांची वीज गेली तर पंधरवडाही उलटतो. तो दिवस उजाडला की घरातले एक माणूस घराबाहेर पडत नाही. मोटार लावली जाते, जमिनीखालचा हौद भरतो, गच्चीवरची टाकी भरते. पिंपे, घागरी, बादल्या, प्रसंगी स्वयंपाकघरातील पातेलीसुद्धा भरतात. आणि हे सर्व भरण्यापूर्वी आणखी एक विधी होतो, ज्याची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात सापडावयाची नाही. गेल्या खेपेचे उरलेले पाणी 'शिळे' म्हणून अंगणात, नाहीतर सरळ गटारात ओतले जाते. ज्या गावात पाण्यासाठी मोर्चे निघतात त्याच गावात नळाच्या दिवशी पाणी ओतून दिले जाते, हे परक्या माणसास सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही. आम्हां जालनेकरांना त्यात काही विशेष वाटत नाही.

या घरात पाणीपट्टी वाढविण्याचा विषय काढून पाहावा. उत्तर ठरलेले आहे: 'आधी पाणी द्या, मग पैसे मागा.' उत्तर सडेतोड आहे, न्याय्य वाटते, आणि सभेत ते हमखास टाळ्या घेते. नगरपालिका असताना ते दिले जात होते आणि २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली तरी तेच दिले जात आहे. या उत्तरात सत्याचा अंश मोठा आहे, हे आम्ही प्रारंभीच मान्य करतो. पण त्याच्या पोटात एक असत्य दडलेले आहे आणि त्याविषयी आमच्या वाचकांशी, जे बहुतांशी त्याच पांढरपेशा घरांतले आहेत, आज स्पष्ट बोलणे आम्हास अवश्य वाटते. ते असत्य असे की, पाण्याला आपण पैसे देत नाही. आपण देतो, पुष्कळ देतो, फक्त ते नगरपालिकेला देत नाही.

थोडा हिशेब करू. त्यासाठी शेजारच्या छत्रपती संभाजीनगराचा दाखला घेऊ, कारण तेथील पाणीपट्टी सबंध मराठवाड्याच्या तोंडी झालेली आहे. त्या शहरात अर्ध्या इंची घरगुती नळाला वर्षाकाठी ४,०५० रुपये द्यावे लागत; २०२२ मध्ये लोकांच्या संतापापुढे ती रक्कम जवळपास निम्म्यावर आणण्यात आली. आपण दोन हजार धरू. नळ आठवड्यातून एकदाच येतो आणि एका खेपेस अवघे दोन हजार लिटर पाणी पदरात पडते असे मानले, तरी वर्षाचे एक लाख चार हजार लिटर होतात. म्हणजे लिटरला दोन पैशांहूनही कमी. आता त्याच घराच्या दारात उतरणारा थंड पाण्याचा जार घ्या. वीस लिटरला वीस रुपये मोजावे लागत असतील तर लिटरला एक रुपया पडला, म्हणजे नळाच्या पन्नासपट. दिवसाआड एक जार म्हटला तरी वर्षाला साडेतीन हजारांवर रुपये जातात. नळाच्या सबंध वर्षाच्या पट्टीपेक्षा अधिक, आणि तेही केवळ पिण्यापुरत्या पाण्याला. वैशाखात मागविलेला पाच हजार लिटरचा टँकर सहाशे रुपयांत मिळाला तर लिटरला बारा पैसे, म्हणजे सहापट. याशिवाय हौदाचे बांधकाम, गच्चीवरच्या टाक्या, मोटार, मोटारीचे वीजबिल, बोअरचे दोनशे-तीनशे फूट आणि ते कोरडे गेले तर दुसरे बोअर, स्वयंपाकघरातील शुद्धीकरणाचे यंत्र आणि त्याची वर्षाची दुरुस्ती. हे सर्व मिळून जे होते ती खरी पाणीपट्टी होय. तिला पावतीपुस्तक नाही, म्हणून ती आपल्या नजरेस येत नाही एवढेच.

या हिशेबात एक रकाना अजून रिकामाच आहे. नळाच्या दिवशी घरी कोण थांबते? पाणी रात्री दोन वाजता सुटणार असे कळले तर कोण जागते? टँकरवाल्याला फोन कोण करते, बादल्या कोण वाहते? घरातील कर्ता पुरुष पट्टीवाढीविरुद्ध मत देतो, कारण पट्टी त्याच्या खिशातून जाते. पत्नीची मोडलेली झोप, बुडालेली मजुरी अथवा घ्यावी लागलेली रजा त्याच्या खिशातून जात नाही. पाणीपट्टीच्या प्रश्नावर घराचे मत म्हणून जे मत आपण ऐकतो ते पुष्कळदा अर्ध्याच घराचे असते. धुणीभांडी करून पोट भरणाऱ्या बाईला विचारावे की, महिन्याला शंभर रुपये अधिक दिलेस आणि नळ रोज सकाळी सहा वाजता येऊ लागला तर चालेल काय? तिचे उत्तर नगरसेवकाच्या भाषणाशी जुळेलच अशी खात्री आम्हास नाही.

हा प्रकार आपल्याच गावचा आहे असेही नव्हे. काठमांडू शहरातील कुटुंबांची पाहणी करून काही अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. बेभरवशाच्या नळावर मात करण्यासाठी घरे जो खर्च करीत होती, त्यात पाणी आणण्याचा वेळ, साठवण, शुद्धीकरण व विकतचे पाणी हे सर्व धरले होते. तो त्यांच्या मासिक पाणीबिलाच्या जवळजवळ दुप्पट भरला. आणि सुधारलेल्या पुरवठ्यासाठी तीच घरे याहूनही बरेच अधिक द्यावयास तयार होती. नायजेरियातील ओनित्शा या व्यापारी शहराविषयी १९९१ मध्ये असाच निष्कर्ष निघाला होता. तेथे कोरड्या ऋतूत लोक पाणीविक्यांना जी रक्कम देत होते ती नळव्यवस्था चालविण्याच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होती. गरीब देशांतील माणूस पाण्याला पैसे देण्यास तयार नसतो, हे पुढाऱ्यांचे आवडते प्रमेय आहे. वस्तुस्थिती त्याच्या उलट आहे. तो जारवाल्याला देतो, टँकरवाल्याला देतो, बोअरवाल्याला देतो. नेमका नगरपालिकेला द्यावयाचे म्हटले की त्याचा हात आखडतो. तो का, हा खरा प्रश्न आहे.

याचे पहिले कारण धर्मभावनेत आहे आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. तहानलेल्याला पाणी देणे हे पुण्य आणि पाणी विकणे हे पाप, हा संस्कार आपल्या मातीत खोल रुजलेला आहे. आपल्या वाड्यांतील आड शेजाऱ्यांना मोकळे असत. चैत्र लागला की आजही चौकाचौकांत पाणपोया लागतात. (ज्या दुकानदाराच्या दारात पाणपोई आहे त्याच्याच गल्ल्यामागे जार ठेवलेला असतो, हा तपशील अलाहिदा.) पैठण येथे नाथांच्या वाड्यात प्रत्यक्ष भगवंताने श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहिले आणि रांजण भरले, ही कथा ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडली, त्यांना गोदेच्या पाण्याचे बिल येणे विचित्र वाटले तर नवल नाही. परंतु आज जालन्याच्या नळाला येणारे पाणी त्याच पैठणहून, नाथसागरातून येते. ते वाहून आणण्यास श्रीखंड्या नाही. कित्येक कोसांची जलवाहिनी आहे, ते पाणी चढावर लोटणारे पंप आहेत आणि त्या पंपांना अहोरात्र वीज लागते. श्रीखंड्याच्या कावडीला वीजबिल नव्हते. शिवाय धरणातील पाण्याचे मोल पाटबंधारे खात्यास द्यावे लागते, आणि त्याचे दर ठरविण्यासाठी २००५ च्या कायद्याने राज्यात एक स्वतंत्र प्राधिकरणच बसविले आहे. पाणी देवाचे, हे आम्हासही मान्य आहे. तुरटी, क्लोरीन, लोखंडी नळ आणि पाणी सोडणाऱ्या कामगाराचा पगार मात्र देव देत नाही.

जालन्यास पाणी कसे आणावे हे ठाऊक नव्हते असेही नाही. मोती तलावाचे पाणी जमिनीखालील नळांनी गावातील हौदांत आणि सराईच्या चौकात खेळविले होते, असे जुनी गॅझेटियरे सांगतात. 'जालना सोने का पालना' ही म्हण उगाच पडलेली नाही. पुढे निजामाच्या राज्यात कुंडलिकेवर घाणेवाडीचा जलाशय बांधला गेला आणि त्याचे पाणी उताराने, आपल्या वजनाने, नव्या जालन्याकडे वाहत आले. उताराने येणारे पाणी स्वस्त असते. आपल्या आजोबांच्या मनात पाण्याच्या किमतीची जी कल्पना बसली ती त्या उताराच्या पाण्याची. गाव वाढले, बियाण्यांचे आणि पोलादाचे कारखाने आले, २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती दोन लाख पंच्याऐंशी हजारांवर गेली, घाणेवाडी पुरेना म्हणून पाणी चढावरून, दुरून आणावे लागले. पाण्याचा प्रवास बदलला, पण किमतीची कल्पना मात्र बदलली नाही.

दुसरे कारण अविश्वासाचे आहे आणि ते पहिल्याहून फार प्रबळ आहे. पाणीपट्टी म्हणून भरलेला रुपया पाण्यावरच खर्च होतो, असे छातीठोकपणे सांगू शकेल असा नागरिक या शहरात आम्हास भेटलेला नाही. तो रुपया मोठ्या तिजोरीत जातो. तेथून कोठे जातो हे परमेश्वर जाणे. तिकडे वीजबिल थकते आणि थकबाकीपोटी पाणीयोजनेची वीज तोडली, ही बातमी मराठवाड्यातील वृत्तपत्रांना नवी राहिलेली नाही. ज्याने पट्टी वेळेवर भरली त्याचा नळही त्या दिवशी कोरडा पडतो आणि ज्याने दहा वर्षे छदाम दिला नाही त्याचाही. पुढे निवडणुकीच्या आगेमागे अभय योजना निघते, थकबाकीदारांची शास्ती माफ होते, आणि प्रामाणिकपणे भरणाऱ्यास आपण मूर्ख ठरलो असे वाटू लागते. तसे वाटण्यास आधारही असतो. शेजाऱ्याचा चोरून घेतलेला नळ राजरोस वाहत असताना आपण रांगेत उभे राहून पट्टी का भरावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आजवरच्या कोणत्याही नगराध्यक्षाने वा मुख्याधिकाऱ्याने दिलेले नाही.

हा अविश्वास कंजूषपणातून आलेला नाही, याचा पुरावा घाणेवाडीच्याच काठावर आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात हा जिल्हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि शहर टँकरवर जगले. त्या वर्षांत घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या वतीने नागरिक, व्यापारी आणि उद्योजक एकत्र आले. त्यांनी वर्गणी काढून तलावातील गाळ उपसण्याचे काम चालविले आणि शेतकऱ्यांनी तो गाळ आपल्या खर्चाने आपल्या शेतांत वाहून नेला. कोणी सक्तीची पट्टी बसविली नव्हती, कोणी जप्तीची नोटीस पाठविली नव्हती. ज्या गावातील लोक पाणीपट्टीची पावती फाडण्यास कां-कूं करतात, त्याच गावातील लोकांनी त्याच पाण्यासाठी खिशात हात घातला. कारण उघड आहे. गाळ निघताना दिसत होता, ट्रॅक्टर जाताना दिसत होते, तलाव खोल झालेला दिसत होता. दिलेला पैसा डोळ्यांसमोर काम करीत होता. जालन्याच्या पाण्याविषयी जो कोणी धोरण आखील त्याने प्रथम घाणेवाडीच्या काठावर जाऊन उभे राहावे, असे आम्ही सुचवितो.

पट्टीच्या आकारणीतही दोष आहे. नळाच्या व्यासावर वर्षाची ठोक रक्कम ठरते. मग त्या नळाने बंगल्याची बाग भिजो, मोटारगाडी धुतली जावो, की दोन खोल्यांतील सहा माणसांची तहान भागो. ज्याच्या घरी मोठा हौद आणि जोरकस मोटार आहे तो त्या दोन तासांत शेजाऱ्याच्या वाट्याचेही पाणी ओढून घेतो आणि दोघेही तेवढीच पट्टी भरतात. मीटर बसवावे तर लोक म्हणतात, मीटर हवेवर फिरते. तज्ज्ञ मंडळी ही अडाण्यांची समजूत म्हणून हसतात. पण येथे नागरिकाचे म्हणणेच बरोबर आहे. आठ दिवस कोरड्या राहिलेल्या नळांत हवा भरते, पाणी सुटताच ती जोराने पुढे ढकलली जाते आणि मीटरचे चक्र फिरविते. पाण्याआधी हवेचे बिल येणार असेल तर मीटरला विरोध होणारच. त्याच कोरड्या नळांत फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी शिरते, आणि मग नळाचे पाणी पिण्यास लायक नाही म्हणून जार येतो. म्हणजे पाण्याची अनियमितता मीटरही निरुपयोगी करते, पाणीही नासविते आणि शेवटी ग्राहकासही नगरपालिकेपासून तोडून खासगी विक्रेत्याच्या स्वाधीन करते.

छत्रपती संभाजीनगराची कहाणी या बाबतीत उद्बोधक आहे. उशाशी नाथसागर असूनही ते शहर कित्येक वर्षे आठवड्याच्या पाण्यावर दिवस काढीत आले. २०११ मध्ये समांतर जलवाहिनीचा करार झाला, २०१४ मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीच्या हाती गेला आणि २०१६ मध्ये तो करार मोडीत निघाला. मधल्या काळात पट्टी वाढत गेली. पाणी वाढले नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात आधी तेथे आणि मग आपल्या जालन्यात जल आक्रोश मोर्चे निघाले, रिकाम्या घागरी रस्त्यावर आल्या. त्या वर्षी तेथील पट्टी जवळपास निम्मी करण्यात आली, हे वर सांगितलेच आहे. लोकांना विजय मिळाल्यासारखे वाटले. पण नळ काही त्यामुळे दुप्पट वेळा आला नाही. पाण्याच्या मागणीला उत्तर म्हणून पैशाची सूट मिळाली आणि ती घेऊन लोक टँकर मागविण्यासाठी घरी परतले. असा सौदा जालन्याने करू नये.

लातूरचा अनुभव याहून विदारक. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला गेली तेव्हा साऱ्या देशाने टाळ्या वाजविल्या. पुढच्याच महिन्यात रेल्वेने सुमारे सव्वासहा कोटी लिटर पाण्याच्या वाहतुकीचे चार कोटींच्या घरातील बिल पाठविले आणि मग गदारोळ उठला. त्या बिलाच्या औचित्याचा वाद आम्ही येथे काढीत नाही. हिशेब तेवढा पाहावा: लिटरला पासष्ट पैशांच्या आसपास, आणि तोही केवळ भाड्याचा. जे शहर सुकाळात आपल्या नळव्यवस्थेवर दोन पैसे खर्च करण्यास नाखूष असते, त्याला दुष्काळात पासष्ट पैशांचे पाणी घ्यावे लागते.

आता एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. पाणी स्वस्त ठेवा, नाहीतर गरीब मरेल, असे आपण मध्यमवर्गीय लोक मोठ्या कळवळ्याने म्हणतो. पण स्वस्त नळ येतो कोणाच्या घरी? ज्याला नळजोडणी आहे त्याच्या. हौद कोणाकडे? ज्याला स्वतःची जागा आहे त्याच्याकडे. शहराच्या कडेला नव्याने वसलेल्या वस्त्यांत, जेथे जलवाहिनीच पोहोचलेली नाही, तेथे मजूर पिंपाच्या भावाने पाणी विकत घेतो आणि त्याच्याजवळ साठवण्यास दोन पिंपांपलीकडे काही नसते, म्हणून त्याला ते वारंवार आणि चढ्या भावाने घ्यावे लागते. सर्वांत महाग पाणी सर्वांत गरीब माणूस पितो. आपल्या सवलतीला आपण त्याचे नाव देतो, हा अप्रामाणिकपणा आता थांबला पाहिजे.

मग दर वाढवावेत काय? वाढवावेत; परंतु कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, यावर सारे अवलंबून आहे. बोलिव्हियातील कोचाबांबा या शहरात पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे देऊन दर एकदम वाढविण्यात आले. लोक रस्त्यावर उतरले, रक्त सांडले आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला करार रद्द करावा लागला. नळ सुधारण्याआधी बिल सुधारले की काय होते याचा तो धडा आहे. उलट कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह पाहा. यादवीने उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरात १९९३ मध्ये नळात सोडलेल्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक पाण्याचा पैसा मिळत नव्हता. काही गळत होते, उरलेले चोरीस जात होते. एक सोन चान नावाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक जोडणीस मीटर लावले, चोरीत सामील असलेल्या नोकरांना हाकलले, बड्या धेंडांनाही बिले धाडली, आणि पाणी नियमित झाल्यावर दर वाढविले. दीड-दोन दशकांत ती गळती सहा टक्क्यांपर्यंत उतरली. तेथे लोकांनी वाढीव दर दिला, कारण तो टँकरवाल्याच्या दरापेक्षा कमीच होता. संस्था सरकारीच राहिली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. कराडजवळच्या मलकापुरात २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झाले. मीटर आले, कमी वापरणाऱ्यास कमी आणि अधिक वापरणाऱ्यास चढता दर लागला. बेळगाव आणि हुबळी-धारवाडच्या काही वस्त्यांत २००८ च्या सुमारास हाच प्रयोग झाला. नळ सदैव वाहता असला की कोणी हौद भरीत नाही आणि शिळे म्हणून कोणी पाणी ओतीत नाही. मीटरही मग हवेवर फिरत नाही. शेजारच्या जिल्ह्यातील पाटोदा या गावाने तर कर वेळेवर भरणाऱ्याचे दळण गावच्या गिरणीत फुकट दळून देण्याची युक्ती काढली आणि मीटरने पाणी दिले. भरणाऱ्याचा मान आणि बुडविणाऱ्याची अडचण, हे साधे सूत्र आमच्या मोठ्या शहरांना का सुचू नये?

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो योग्य आहे. मलकापूरच्या उशाला कोयना आहे. जालन्याच्या उशाला काय आहे? कुंडलिका आणि सीना या वर्षातील बहुतेक काळ नावापुरत्या नद्या. नाथसागर भरला तर भरला. न भरला तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याविषयी नाशिक-नगरशी वाद आणि न्यायालयाच्या वाऱ्या. तेव्हा जालन्यास चोवीस तास पाण्याचे स्वप्न आम्ही दाखवीत नाही. आमची मागणी त्याहून लहान आहे. पाणी दिवसाआड द्या, दोन दिवसांआड द्या. पण दिवस आणि तास ठरवून द्या आणि तो पाळा. टंचाई ही निसर्गाची करणी असेल; अनिश्चितता ही माणसांची करणी आहे. तीनशे लिटर पाणी ठरल्या वेळी मिळाले तर घर त्यात भागविते. केव्हा येईल हे ठाऊक नसलेले दोन हजार लिटर मात्र पुरत नाही. भीतीपोटी साठविले जाते आणि अखेर शिळे ठरून गटारात जाते.

आमचे म्हणणे असे. पाणीपट्टीचा पैसा महानगरपालिकेने स्वतंत्र खात्यात ठेवावा आणि त्यातून पाण्याखेरीज दुसऱ्या कशालाही दमडी देऊ नये. एक प्रभाग निवडावा. त्यातील गळती काढावी, चोरून घेतलेले नळ कोणाचेही असोत, तोडावेत किंवा रीतसर करून घ्यावेत, आणि तेथे सलग तीन महिने ठरल्या वेळी पाणी देऊन दाखवावे. मग, आणि मगच, त्या प्रभागात मीटरने वाढीव दर लावावा. महिन्याचे पहिले सहा हजार लिटर अगदी नाममात्र दराने द्यावेत. त्यापुढे दर चढत जावा आणि बागेच्या पाण्याला बागेचा भाव लागावा. दक्षिण आफ्रिकेने दरमहा सहा हजार लिटर प्रत्येक कुटुंबास मोफत देण्याचे धोरण या शतकाच्या प्रारंभीच स्वीकारले. त्यापुढच्या पाण्याला दर आहे. जेथे नळच नाही त्या वस्त्यांत नवी जोडणी देताना एकरकमी पैसे न मागता ते हप्त्यांनी पट्टीतच वळते करावेत, म्हणजे टँकरवर जाणारा पैसा नळाकडे वळेल. दुसऱ्या प्रभागाने पहिल्याकडे पाहून स्वतःहून मागणी करावी, अशी वेळ आली पाहिजे.

आणि आमच्या वाचकांनी? त्यांनी निदान एक महिना आपल्या घरातील पाण्याचा खर्च एका वहीत लिहून काढावा. जार, टँकर, मोटारीची वीज, यंत्राची दुरुस्ती, नळासाठी बुडालेला दिवस. सर्व लिहावे, आणि वर्षाच्या पाणीपट्टीचा बारावा हिस्सा त्याच्याशेजारी मांडावा. ती वही घेऊन नगरसेवकाकडे गेलेला नागरिक, रिकामी घागर घेऊन गेलेल्या नागरिकापेक्षा अधिक अवघड प्रश्न विचारू शकेल.

महानगरपालिकेकडे आमची विनंती एवढीच. गेल्या वर्षी पाणीपट्टीचे किती रुपये मागितले, किती वसूल झाले, त्यांतील वीजबिलास किती गेले, दुरुस्तीस किती गेले, थकबाकीदारांत पहिली शंभर नावे कोणाची आहेत, आणि जायकवाडीहून निघालेल्या पाण्यापैकी किती घरांपर्यंत पोहोचले, हे तिने एका कागदावर लिहून द्यावे. तो कागद आम्ही याच जागी, एक पैसाही न घेता, जसाच्या तसा छापू.